एकवरून एकाहत्तरावर

२०१०च्या नाताळाच्या दिवसांत अमेरिकेत गूगलवर 'ड्रेसेस' शोधा, 'बेडिंग' शोधा, नाहीतर जमिनीवर अंथरायचे गालिचे शोधा. पहिलं नाव जे. सी. पेनी या दुकानसाखळीचंच यायचं. सॅमसोनाइटची प्रवासी बॅग शोधली, तर खुद्द सॅमसोनाइटच्या वेबसाइटच्याही वर पेनी. एकाच दुकानाला सगळ्या गोष्टींत पहिला नंबर कसा मिळतो, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका जाणकाराकडून तपासून घेतलं. अणुअभियांत्रिकी, कॅसिनो, बल्गेरियातली घरं-जमिनी अशा, कपड्यांशी सुतराम संबंध नसलेल्या विषयांच्या दोन हजारांवर पानांत पेनीच्या दुकानाकडे नेणाऱ्या लिंक्स पेरलेल्या सापडल्या. फेब्रुवारी २०११मध्ये वर्तमानपत्राने गूगलकडे विचारणा केली आणि तिथे चक्रं फिरली. बुधवारी संध्याकाळी सात वाजता बॅगांच्या शोधात पेनी पहिली होती. नऊ वाजता एकाहत्तरावी. पेनीने हात वर केले, आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं असं सांगितलं आणि एसईओचं, म्हणजे शोधात वर आणण्याचं, काम पाहणाऱ्या कंपनीला नारळ दिला.

ही सरळसरळ शिक्षा होती. गूगलच्या बोलीत 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे माणसाने पाहून केलेली कारवाई. आज अशी कारवाई झाली की वेबसाइटच्या मालकाला सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनात नोटीस दिसते, चूक दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण बहुतेक वेबसाइट्स अशा पडत नाहीत. त्या पडतात तेव्हा कोणी तक्रार केलेली नसते, कोणी त्यांचं पान उघडून पाहिलेलंही नसतं. गुण देण्याची रीतच बदललेली असते. अल्गोरिदम अपडेट म्हणतात तो हा प्रकार: नोटीस नाही, अर्ज नाही, आणि पुष्कळदा चूकही नाही.

आपण प्रश्न टाइप केल्यावर गूगल इंटरनेट धुंडाळायला निघतं, असा समज असतो. धुंडाळणं आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका लिंकवरून दुसरीवर जात पानं गोळा करतात आणि कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे याची अवाढव्य सूची तयार होते. प्रश्न आला की सूचीतून हजारो, कधी लाखो पानं निघतात. त्यांतली पहिली दहा कोणती, एवढंच ऐनवेळी ठरायचं असतं, आणि सगळा तंटा याच पायरीवर आहे. अकराव्या क्रमांकाकडे फारसं कोणी जात नाही.

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना या पायरीसाठी एक सुरेख युक्ती मांडली. शोधनिबंधाची थोरवी जशी त्याचे दाखले किती जणांनी दिले यावरून कळते, तशी पानाची थोरवी त्याच्याकडे कोणी कोणी लिंक दिली यावरून मोजायची. आणि स्वतः थोर असलेल्या पानाने दिलेली लिंक अधिक वजनाची धरायची. पेजरँक तो हाच. १९९८च्या वेबवर तो छान चालला, कारण तोवर लोक लिंक देत ती वाचकाला उपयोगी पडेल म्हणून. गूगल क्रमांक ठरवताना लिंक्स मोजतं, ही बातमी पसरली आणि लिंक्सचा बाजार भरला. पेनी त्या बाजारातलं मोठं गिऱ्हाईक, इतकंच.

माझ्या मते अपडेट्सचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आहे. चांगल्या पानाची जी खूण गूगल धरतं, ती खूण तोवरच खरी असते, जोवर तिच्याकडे डोळा ठेवून कोणी लिहीत नाही. दहावीला '२१ अपेक्षित' घोकून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अपेक्षित प्रश्न घोकणाऱ्याला आणि धडा समजलेल्याला सारखेच गुण पडू लागले, की पेपर काढणाऱ्याला पेपराचं स्वरूप बदलावं लागतं. त्या वर्षी काही हुशार मुलंही आपटतात आणि पुढच्या वर्षी नव्या स्वरूपाचे 'अपेक्षित' बाजारात येतात.

पहिला मोठा आपटबार १६ नोव्हेंबर २००३चा. वेबसाइटवाल्यांनी या बदलांना वादळांसारखी नावं द्यायला सुरुवात केली होती. याचं नाव 'फ्लोरिडा' पडलं. तोवर पानावर तोच शब्द पन्नासदा लिहिणं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड दडवणं असले खेळ सर्रास चालत. फ्लोरिडाने ते मोडले. पण नाताळाच्या विक्रीच्या तोंडावर मोडले, आणि लबाडांबरोबर कित्येक प्रामाणिक छोटे दुकानदारही वाहून गेले. वर्षाची बरीचशी कमाई ज्या आठवड्यांत व्हायची, त्याच आठवड्यांत दुकानाची पाटी कोणीतरी काढून नेली. गूगलसारख्या खासगी कंपनीचा एक तांत्रिक निर्णय दुसऱ्याच्या गल्ल्यावर एवढा थेट हात घालू शकतो, हे जगाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

त्यानंतरचा प्रसंग मात्र जरा सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण आज आपण मराठीत जे वाचतो त्याची बीजं तिथे आहेत.

डिमांड मीडिया नावाची एक अमेरिकी कंपनी होती. लेख आधी आणि वाचक नंतर, हा नेहमीचा क्रम तिने उलटा केला. लोक काय शोधतात, त्या शब्दांवरच्या जाहिरातींना काय भाव मिळतो आणि त्या विषयावर आधीचा मजकूर किती आहे, हे तीन आकडे संगणक जुळवायचा आणि त्यातून लेखाचं शीर्षक पाडायचा. शीर्षक घरबसल्या लिहिणाऱ्या कोणाकडे तरी जायचं. लेखाचे साधारण पंधरा डॉलर. विषयाची जाण असण्याची सक्ती नव्हती. 'वायर्ड' मासिकाने २००९मध्ये या कारखान्यावर मोठा लेख लिहिला, तेव्हा तिथे रोज हजारोंनी लेख आणि व्हिडिओ निघत होते. त्यांची मुख्य वेबसाइट ईहाऊ; नळ गळतोय तर काय करावं इथपासून जगातला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर हजर. ते वाचून नळ गळायचा थांबत नसे, पण तोवर जाहिरात दिसून गेलेली असे. जानेवारी २०११मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी तिचं बाजारमूल्य दीड अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स' कंपनीपेक्षाही जास्त झालं.

गूगलपुढची अडचण अशी की या लेखांत पकडण्याजोगं काहीच नव्हतं. शब्द कोंबलेले नव्हते, लिंक्स विकत घेतलेल्या नव्हत्या, व्याकरणही बरं होतं. लेख पोकळ होता, एवढीच तक्रार. पोकळपणा यंत्राला कसा दाखवायचा?

त्यांनी माणसांना विचारलं. गूगलसाठी निकाल तपासणाऱ्या बाहेरच्या माणसांपुढे वेबसाइट्स ठेवल्या आणि प्रश्न टाकले: या वेबसाइटला तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? इथे सांगितलेलं औषध आपल्या मुलाला द्याल का? हा मजकूर छापील मासिकात शोभला असता का? जाहिरातींचा अतिरेक आहे का? उत्तरांवरून विश्वासाच्या वेबसाइट्स एका बाजूला आणि नकोशा दुसऱ्या बाजूला असे दोन ढीग झाले. मग मोजता येण्याजोग्या कुठल्या लक्षणांवरून हे ढीग वेगळे पडतात, ते यंत्राला शिकवलं. माणसाचा अंदाज यंत्राच्या गळी उतरवण्याची ही रीत त्या वेळी मोठ्या प्रमाणावर शक्य झाली ती नवनीत पांडा या अभियंत्यामुळे, म्हणून अपडेटचं नावच 'पांडा' पडलं. ('अपेक्षित' छापणाऱ्यांचं नावही नवनीतच. योगायोग, दुसरं काय.)

२४ फेब्रुवारी २०११ला पांडा अमेरिकेत आला आणि जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल हलले. पेनीचं प्रकरण गाजून दोनच आठवडे झाले होते. आणि गंमत पाहा, ज्या ईहाऊकडे सगळ्यांची बोटं होती, ती पहिल्या फटक्यातून वाचली. तिला तडाखा बसला तो एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत. ऑगस्टमध्ये चिनी, जपानी आणि कोरियन सोडून बाकी भाषांतही पांडा लागू झाला. डिमांड मीडिया पुन्हा कधी त्या उंचीवर गेली नाही. २०१७मध्ये तिने नावही बदललं.

पांडाची एक गोष्ट वेबसाइटवाल्यांना उमजायला वेळ लागला. तो एकेक पान पाहून थांबत नव्हता, पूर्ण वेबसाइटचा अंदाज घेत होता. म्हणजे शंभर उत्तम लेखांबरोबर हजार भरताड लेख टाकले असतील, तर त्या हजारांमुळे शंभरही खाली जात. शिवाय हा हिशेब रोज होत नसे. सुधारणा आज केली तरी पांडाची पुढची फेरी निघेपर्यंत हात चोळत बसावं लागे. २०१२च्या एप्रिलमध्ये विकतच्या लिंक्सवर 'पेंग्विन' सोडला गेला, त्याची तर आणखी तऱ्हा. त्याची एक फेरी २०१४च्या ऑक्टोबरात झाली आणि पुढची थेट सप्टेंबर २०१६मध्ये. या मधल्या दोन वर्षांत ज्यांनी जुन्या लिंक्स एकेक करून काढून टाकल्या, त्यांची मेहनत कोणी तपासायलाच आलं नाही. २०१६नंतर मात्र पेंग्विन सतत चालू राहू लागला आणि त्याचा स्वभावही मवाळ झाला: वाईट लिंकबद्दल वेबसाइटला खाली ढकलण्याऐवजी ती लिंक शून्य धरायची.

या सगळ्या काळात मराठी कुठे होती? सुरुवातीला क्रमांकाचा प्रश्नच नव्हता, कारण आपण सूचीतच नव्हतो. मराठी वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइट्स ज्याच्या त्याच्या फाँटात असत. फाँट उतरवून घेतला तर वाचकाला देवनागरी दिसायची; पण आत साठवलेली असायची रोमन चिन्हांची जत्रा, आणि सर्च इंजिन ती जत्राच वाचायचं. 'पाऊस' शोधणाऱ्याला त्या बातम्यांतला एकही पाऊस सापडणं शक्य नव्हतं. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेला संकेत देणारं युनिकोड आल्यावर आपण गूगलला दिसू लागलो. कुठल्याही अपडेटने मराठी वेबसाइट्सना जेवढं वर नेलं नसेल, तेवढं फाँट बदलण्याने नेलं.

पुढचा अडथळा व्याकरणाचा. इंग्रजीत 'टू', 'फ्रॉम' हे सुटे शब्द. जुनी सर्च इंजिनं ते किरकोळ समजून वगळायची आणि तरी बऱ्यापैकी भागायचं. मराठीत 'पुण्याहून मुंबईला' आणि 'मुंबईहून पुण्याला' यांतला फरक प्रत्ययात दडलेला, आणि प्रत्यय लागताना 'पुणे'चं 'पुण्या' होतं ते वेगळंच. शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्राला यांत दिशा दिसणार कशी? २०१३च्या 'हमिंगबर्ड'पासून गूगल सुट्या शब्दांऐवजी पूर्ण प्रश्नाचा अर्थ लावू पाहत होतं. २०१९च्या ऑक्टोबरात 'बर्ट' हे वाक्य संदर्भासकट वाचणारं भाषेचं प्रारूप शोधासाठी इंग्रजीत आणलं गेलं, आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून जास्त भाषांत. त्या यादीत मराठी होती. अशा अपडेटने कोणाला शिक्षा होत नाही. पूर्वी चुकून वर आलेलं पान खाली जातं, एवढंच. पण ज्याचं ते पान आहे त्याला दोन्ही सारखंच लागतं.

क्रमांक ही नेहमी तुलना असते, ही साधी बाब इथे विसरली जाते. आपलं पान अक्षरानेही बदललेलं नसतं, पण गूगलने दुसऱ्या कुणाला अधिक गुण दिले की आपण खाली सरकतो. म्हणूनच अपडेटनंतर 'आमची चूक काय' या प्रश्नाला गूगलकडून येणारं उत्तर ऐकून माणूस अधिकच चिडतो: दुरुस्त करण्यासारखं काही असेलच असं नाही. बदल तरी किती? २०२२ या एका वर्षात गूगलने शोधात ४,७२५ बदल केल्याचं स्वतःच जाहीर केलं आहे. दिवसाला सरासरी बारा-तेरा. त्यांतले बहुतेक कोणाच्या लक्षातही येत नाहीत. वर्षातून काही वेळा मोठा, सगळ्या विषयांना हलवणारा 'कोअर अपडेट' येतो, त्याची तेवढी घोषणा होते.

दरम्यान 'अपेक्षित'वाले स्वस्थ नव्हते. पांडाला पोकळ लेख आवडत नाही म्हणता? लेख लांब झाले. कशाचीही तारीख विचारली की आधी त्या गोष्टीचा इतिहास, महत्त्व, पार्श्वभूमी, आणि तारीख नवव्या परिच्छेदात. २०११मध्ये 'हफिंग्टन पोस्ट' या अमेरिकी बातम्यांच्या वेबसाइटने सुपर बोल हा तिथल्या फुटबॉलचा अंतिम सामना किती वाजता सुरू होणार, एवढ्याच प्रश्नाची बातमी करून अमाप वाचक मिळवले होते. आज मराठी पोर्टल उघडा: लाडकी बहीण योजनेचा हप्ता कधी येणार, सामना कुठे आणि कधी पाहाल, अमुक खेळाडूची संपत्ती किती. आत गेलं की बहुधा 'लवकरच' एवढंच उत्तर असतं. अशी शीर्षकं संपादकाला सुचलेली नसतात. शोधाच्या चौकटीत लोक जे टाइप करतात, ती शब्दशः तिथून उचललेली असतात. गूगल वेबसाइट्सना क्रमांक देतं असं आपण म्हणतो, पण वीस वर्षांत त्याने मराठी बातमीचं वाक्यही बदलून टाकलं, हे माझ्या लेखी क्रमांकापेक्षा मोठं प्रकरण आहे.

या भरताडावर इलाज म्हणून ऑगस्ट २०२२मध्ये 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट आला. माणसांसाठी लिहा, सर्च इंजिनसाठी नको, असा त्याचा उपदेश. सप्टेंबर २०२३च्या त्याच्या फेरीने मात्र वेगळीच हानी केली. प्रवास, पाककृती, जुने व्हिडिओ गेम अशा विषयांवर एकट्या-दुकट्याने चालवलेल्या कितीतरी वेबसाइट्स कोसळल्या. हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः विकत घेऊन, घरात चालवून, मोजून परीक्षणं लिहिणारी 'हाउसफ्रेश' ही त्यांतली सर्वांत बोलकी. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी दाखवून दिलं की यंत्राला हातही न लावता 'सर्वोत्तम दहा'च्या याद्या छापणारी नामांकित मासिकं त्यांच्या वर बसवली जात आहेत. मार्चचा कोअर अपडेट ४५ दिवस चालला. तो उरकल्यावर गूगलवरून येणारे आपले ९१ टक्के वाचक गेल्याचं त्यांनी लिहिलं. त्याच सुमारास गूगलचं म्हणणं होतं की निकालांतला हलका मजकूर ४५ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, ही यातली खरी गोची. कोट्यवधी पानांच्या सरासरीत सुधारणा होते, आणि एखादं प्रामाणिक पान त्या सरासरीत चिरडलं जातं.

आत नेमकं काय मोजतात, याची थोडी झलक मिळाली ती न्यायालयामुळे. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात ऑक्टोबर २०२३मध्ये शोधविभागाचे वरिष्ठ अधिकारी पांडू नायक यांची साक्ष झाली. 'नॅवबूस्ट' नावाची यंत्रणा लोकांनी कुठल्या निकालावर क्लिक केलं याची तेरा महिन्यांची नोंद वापरते, हे तीत उघड झालं. क्लिक्सचा क्रमांकाशी थेट संबंध नाही, असं गूगलची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली होती. मे २०२४मध्ये गूगलची अंतर्गत कागदपत्रं बाहेर फुटली, त्यांतही हेच नाव होतं. नाव आधीपासून ठाऊक असलेल्या निकालावर लोक अधिक क्लिक करतात, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. हाउसफ्रेशच्या वर मासिकं का बसली असतील, याचा काही अंदाज इथे येतो. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं. भारतात तर दहातले नऊ शोध गूगलवरच होतात. इथे पडलेल्याला दुसरा बाजार नाही.

ज्याची वेबसाइट घसरली आहे, त्याने करायचं तरी काय? गूगलचाच सल्ला त्यातल्या त्यात शहाणपणाचा आहे, आणि कन्सल्टंट लोक तो क्वचित सांगतात, कारण त्यात बिल लावण्यासारखं काही नाही. कोअर अपडेट पूर्ण झाल्यावर निदान एक आठवडा थांबा. मग त्या आठवड्याची तुलना अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी करा. दुसऱ्या क्रमांकावरचं पान चौथ्यावर आलं असेल तर त्याला हात लावू नका. चौथ्यावरून एकोणतिसावर गेलं असेल तर मात्र पूर्ण वेबसाइटकडे परक्याच्या नजरेने पाहा. आणि सणाचा हिशेब धरा. दिवाळीनंतर फराळाच्या कृतींचे वाचक घटले, तर त्यात गूगलचा काही हात नसतो.

पण हा सल्लाही आता जुना होऊ लागला आहे. मे २०२४मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात, इंग्रजी आणि हिंदीत, गूगलने निकालांच्या डोक्यावर यंत्राने रचलेलं तयार उत्तर द्यायला सुरुवात केली. खालची दहा पानं जागच्या जागी असतात. सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर क्रमांक तोच, पान लोकांना दिसलं तो आकडाही तोच किंवा वाढलेला. क्लिक्स तेवढ्या कमी. हे अपडेट नव्हे, त्यामुळे पुढच्या फेरीची वाट पाहण्यातही अर्थ नाही. सप्टेंबर २०२५मध्ये 'रोलिंग स्टोन'ची मालक कंपनी पेन्स्की मीडियाने या उत्तरांवरून गूगलला वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात खेचलं. आमचा मजकूर या उत्तरांसाठी द्यायचा नसेल तर शोधातूनच बाहेर पडावं लागतं, अशी त्यांची तक्रार आहे. लिंकवरून झालेल्या विक्रीतून मिळणारं त्यांचं कमिशन तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटलं, असंही दाव्यात म्हटलं आहे. क्रमांक घसरल्याचा आरोप त्यात नाही.